वाचकांचे प्रश्न : दोन फासे, एक पेन्सिल आणि चारशे परिच्छेद

या अंकात सगळे प्रश्न गेमबुकांचेच घेतले आहेत. ज्यांच्या हातात ही पुस्तकं कधी आलीच नाहीत त्यांच्यासाठी एवढंच: गोष्टीचे क्रमांक घातलेले तुकडे असतात, तुकड्याच्या शेवटी 'दार उघडायचं असेल तर २१७ वर जा, बोगद्यातून पुढे जायचं असेल तर ८४ वर जा' अशा वाटा असतात, आणि गोष्टीचा नायक म्हणजे वाचणारा. मरायचंही त्यालाच असतं.

शाळेत असताना वाचलेलं एक इंग्रजी पुस्तक शोधतोय. डोंगराच्या पोटातले बोगदे, मध्येच एक नदी, पुढे चक्रव्यूह, शेवटी जादूगार आणि किल्ल्या लागणारी पेटी. दोन फासे लागायचे. नाव काय असेल? (सहकारनगर)

'द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन'. पफिनने १९८२ मध्ये काढलं. लेखक स्टीव्ह जॅक्सन आणि इयन लिव्हिंगस्टन. 'गेम्स वर्कशॉप' या ब्रिटिश कंपनीच्या संस्थापकांपैकी हे दोघे. बरोबर ४०० परिच्छेद. 'फायटिंग फँटसी' मालिकेचं हे पहिलं पुस्तक, आणि १९९५ पर्यंत पफिनने या मालिकेत ५९ पुस्तकं काढली. गंमत म्हणजे त्यातली तीन अमेरिकेतल्या दुसऱ्याच एका स्टीव्ह जॅक्सनची आहेत, त्यामुळे फक्त लेखकाच्या नावावर शोधायला गेलात तर गोंधळ होणारच.

बाकीच्यांनाही ओळखीच्या खुणा सांगून ठेवतो. फासे नव्हते, पण शेवटच्या पानावर आकड्यांचं कोष्टक होतं आणि डोळे मिटून त्यावर पेन्सिल टेकवायची, असं आठवत असेल तर ते जो डेव्हर यांचं 'लोन वुल्फ', १९८४ पासूनचं. फासे नाहीत, कोष्टक नाही, नुसते पर्याय आणि ढीगभर शेवट, तर बँटमचं 'चूज युअर ओन अ‍ॅडव्हेंचर'. त्यातलं पहिलं, एडवर्ड पॅकार्ड यांचं 'द केव्ह ऑफ टाइम', १९७९ चं आणि त्याला ४० शेवट आहेत.

जुन्या प्रती पुण्यात कुठे बघाव्यात, आणि घेताना काय तपासावं? (धनकवडी)

अप्पा बळवंत चौकात प्रामुख्याने क्रमिक आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं. तिथे गेमबुक मिळालं तर नशीब. बुधवार-रविवारचा जुना बाजार, आणि त्याहून जास्त म्हणजे मोठ्या सोसायट्यांजवळचे रद्दीवाले. इंग्रजी मुलांची पुस्तकं ते वेगळी काढून ठेवतात, पण गेमबुक त्यांना कादंबरीसारखंच दिसतं, म्हणून गठ्ठा स्वतः उपसावा लागतो. 'फायटिंग फँटसी'चा हिरवा कणा गठ्ठ्यात लांबूनही ओळखू येतो.

सगळ्यात आधी शेवटचं पान बघा. साध्या कादंबरीचं एखादं पान गळालं तर दोन पानं समजून घेता येतात. गेमबुकातलं पान गळालं तर त्यावरच्या चार-पाच परिच्छेदांकडे जाणाऱ्या सगळ्याच वाटा तुटतात, आणि जिंकल्याचा परिच्छेद बहुधा शेवटचाच असतो. मग मधूनमधून क्रमांक सलग आहेत का ते अंगठ्याने पानं फिरवत तपासा. 'लोन वुल्फ'मध्ये आकड्यांचं आणि लढाईचं कोष्टक मागच्या पानांवर असतं. ती नसतील तर पुस्तक खेळता येणार नाही. पहिल्या पानावरच्या नोंदपत्रकात, म्हणजे आपले गुण आणि वस्तू लिहायच्या चौकटीत, पेन्सिलीने लिहिलेलं असेल तर काळजी नको. मऊ रबराने एकाच दिशेने पुसा. बॉलपेनने लिहिलेलं असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. नोंदपत्रक कोऱ्या कागदावर आखायला पाच मिनिटं लागतात.

नवीन प्रत मागवत असाल तर पुस्तकाच्या नावाने मागवा, क्रमांकाने नाही. २००२ पासून 'विझार्ड'ने आणि २०१७ पासून 'स्कोलास्टिक'ने मालिका पुन्हा काढल्या तेव्हा क्रम बदलला. पफिनमध्ये 'डेथट्रॅप डंजन' सहावं होतं, 'विझार्ड'मध्ये तिसरं. 'स्कोलास्टिक'ने आतली चित्रंही नव्याने काढून घेतली आहेत. तुमची आठवण चित्रांची असेल, आणि बहुतेकांची तीच असते, तर पफिन किंवा 'विझार्ड'चीच प्रत शोधा.

माझं स्किल दर वेळी ७ किंवा ८ येतं आणि मी मरतेच. पुस्तक अन्यायी आहे की माझे फासे? (कर्वेनगर)

फासे तपासायला सोपे आहेत: समोरासमोरच्या बाजूंची बेरीज ७ यायला हवी, आणि फासा वाटीत हलवून ताटात टाकावा, बोटांनी सरकवू नये. पण तुमच्या बाबतीत दोष पुस्तकाच्या गणिताचा आहे, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे.

सुरुवातीला स्किल (लढण्याचं कौशल्य) म्हणजे एका फाशात ६ मिळवायचे, म्हणून ७ ते १२. स्टॅमिना (अंगातला दम, तो संपला की मरण) म्हणजे दोन फाशांत १२ मिळवायचे, १४ ते २४. लक (नशीब) पुन्हा ७ ते १२. लढाईत दोन्ही बाजू दोन-दोन फासे टाकून आपलं स्किल मिळवतात, ज्याची बेरीज जास्त तो समोरच्याचे २ स्टॅमिना घेतो, बरोबरी झाली तर कुणालाच काही नाही. वरवर हे सरळ वाटतं. पण दोन फाशांची बेरीज मधल्या आकड्यांवर घुटमळते, म्हणून स्किलमधला एकेक गुण फार जड पडतो.

दोघांचं स्किल सारखं असेल तर एका फेरीत तुम्ही मारण्याची शक्यता ४४ टक्के, मार खाण्याचीही ४४, उरलेली बरोबरी. तुमचं २ ने जास्त असेल तर ६६ विरुद्ध २४. ४ ने जास्त असेल तर ८४ विरुद्ध १० पेक्षाही कमी. आता उलटं बघा: स्किल ७ घेऊन तुम्ही १० च्या राक्षसासमोर उभ्या राहिलात तर मारण्याची शक्यता १६, मार खाण्याची ७६.

हेच स्टॅमिनात मोजू. राक्षसाचा स्टॅमिना ६, म्हणजे तीन वार. बरोबरीच्या लढाईत तो पडेपर्यंत तुमचे सरासरी ६ जातात. तुम्ही २ ने वरचढ असाल तर जेमतेम २. तुम्ही ३ ने कमी असाल तर सरासरी २८ च्या पुढे, आणि तुमच्याकडे जास्तीत जास्त २४ असतात. म्हणजे ७ आलेल्या वाचकाला तो राक्षस म्हणजे दगडी भिंतच. पहिल्याच फाशाने पुस्तकाचा निकाल लावलेला असतो आणि तो कळायला दीडशे परिच्छेद जातात. या नियमांमधली ही खरी खोट आहे, ती झाकण्यात अर्थ नाही.

यावर करता येण्यासारखं बरंच आहे. स्किलसाठी दोन फासे टाका आणि मोठा धरा. एवढ्याने ७ येण्याची शक्यता सहातून एकवरून छत्तीसातून एकवर जाते. हा घरगुती नियम झाला, पण पुस्तक बिघडवत नाही. दुसरं, लक योग्य जागी खर्च करा. लक तपासताना दोन फाशांची बेरीज लकएवढी किंवा कमी यावी लागते आणि निकाल काहीही लागो, लक १ ने उतरतं. लक १२ असताना पहिली तपासणी फसूच शकत नाही, ९ असताना ८३ टक्के, ७ असताना ५८, ६ असताना ४२. लढाईत स्वतः मारल्यावर लक वापरलं आणि लागलं तर २ ऐवजी ४ जातात, फसलं तर १ च. मार खाल्ल्यावर वापरलं तर लागल्यास १ परत, फसल्यास आणखी १ जातो. म्हणजे मारताना फायदा दोनाचा आणि तोटा एकाचा. बचावात दोन्ही एकेकाचे. लक ६ वर आलं तरी मारताना वापरणं सरासरीत फायद्याचं राहतं, बचावात तोट्याचं. तरी बरेच जण घाबरून बचावातच सगळं लक उधळतात आणि मग सापळ्यापाशी 'लक तपासा' आलं की हातात काही उरत नाही.

शिदोरीबद्दल: 'वॉरलॉक'मध्ये १० वेळचं जेवण आणि प्रत्येकाने ४ स्टॅमिना परत येतात, पण सुरुवातीच्या आकड्याच्या वर जात नाही. म्हणून २ च गेले असताना खाऊ नका, ४ जाऊ द्या.

फासे हरवले. घरातल्या सहा कवड्या चालतील का? (नारायण पेठ)

नाही. फाशाचे सहाही आकडे सारख्याच वेळा येतात. सहा कवड्यांत ३ उताण्या पडायचं प्रमाण सगळ्यात जास्त, साधारण ३१ टक्के, आणि सहाच्या सहा उताण्या पडणं चौसष्टात एकदा. शिवाय एकही उताणी न पडण्याची सातवी शक्यता आहेच. त्यापेक्षा 'फायटिंग फँटसी'च्या पुष्कळ आवृत्त्यांत पानांच्या तळाशी फासे छापलेले असतात. डोळे मिटून पान उघडायचं, तेच दान.

पुढच्या पानात बोट ठेवून डोकावणं ही लबाडी का? मुलगा म्हणतो, अ‍ॅपमध्ये तसं करता येत नाही म्हणून अ‍ॅपच चांगलं. कुठलं घ्यावं? (कोथरूड)

लबाडीच. आणि तिच्याशिवाय ही पुस्तकं इतकी टिकली नसती. 'डेथट्रॅप डंजन'सारख्या पुस्तकात ठरावीक रत्नं गोळा केली नसतील तर शेवटच्या दाराशी मरण ठरलेलं. कुठलं रत्न कुठल्या खोलीत राहून गेलं हे पुस्तक सांगत नाही. प्रामाणिकपणे खेळायचं तर पुन्हा परिच्छेद १. म्हणून वाचणाऱ्याने आपणहून सोय करून घेतली: एक बोट मागच्या फाट्यावर, दुसरं त्याच्याही मागच्या, आणि वाट फसली की माघार. छापील पुस्तक तुमचा हात धरू शकत नाही. अ‍ॅप धरू शकतं, आणि अ‍ॅप बनवणाऱ्यांपुढचा सगळ्यात अवघड प्रश्न हाच होता की धरावा की नाही.

टिन मॅन गेम्स या मेलबर्नच्या कंपनीने दोन वेगवेगळी उत्तरं दिली. त्यांचं २०१८ चं 'फायटिंग फँटसी क्लासिक्स' म्हणजे पानं जशीच्या तशी, पडद्यावर फासे, नोंदपत्रक आपोआप भरलेलं. त्यात कडक नियमांनी खेळता येतं, किंवा 'फ्री रीड' निवडलं तर मनाला येईल तसं मागे जाता येतं आणि स्टॅमिना भरून घेता येतो. ज्यांना जुनंच पुस्तक हवंय पण आकडेमोड नको त्यांनी हे घ्यावं. त्यांचं २०१६ चं 'वॉरलॉक' मात्र वेगळं आहे. पटावर लाकडी खेळण्यांसारख्या बाहुल्या, चौकटींवर दोन्ही बाजूंनी एकाच वेळी चाल ठरवायची लढाई, आणि मेल्यावर परत उठायला मोजकेच दगड. बोटाची जागा इथे त्या दगडांनी घेतली. प्रत्येक पात्राला स्वतःचा हेतू दिलाय ही त्यातली चांगली गोष्ट. लढाया लांबतात ही वाईट.

नोमॅड गेम्सचं २०१७ चं 'फायटिंग फँटसी लेजंड्स' तीन पुस्तकं एका नकाशावर पत्त्यांच्या रूपात मांडतं. वेळ चांगला जातो, पण मूळ गद्य त्यात फारसं उरत नाही.

आमची निवड इंकल कंपनीचं 'सॉर्सरी!'. स्टीव्ह जॅक्सन यांची १९८३ ते १९८५ मधली चार पुस्तकं, अ‍ॅपच्या रूपात २०१३ ते २०१६. इंकलने फासे काढून टाकले आणि बोट ठेवलं. नकाशावर मागच्या मुक्कामाच्या झेंडीला हात लावला की तिथून पुन्हा सुरुवात, त्याबद्दल दंड नाही, तुच्छतेची सूचनाही नाही. लढाईत किती जोर लावायचा ते तुम्ही बाहुली ओढून ठरवता. जोर लावला की पुढच्या फेरीला तो कमी उरतो, म्हणून शत्रूच्या वर्णनातून तो दमलाय की उसळणार आहे हे वाचावं लागतं. म्हणजे नीट वाचण्याला किंमत आली. त्यांनी गमावलं ते एकच. मूळ पुस्तकात तीन-तीन अक्षरांचे ४८ मंत्र निघण्यापूर्वी पाठ करून जायचे, वाटेत वही उघडायची नाही. नसलेला मंत्र निवडलात तर स्टॅमिनाचा दंड. अ‍ॅपमध्ये त्या जागी मिळणारी अक्षरं आकाशात समोरच दिसतात. पाठांतराची ती भीती गेली ती गेलीच.

तेव्हा मुलाला सांगा, अ‍ॅप चांगलं आहे, पण त्याने दिलेलं कारण चुकीचं आहे. चांगल्या अ‍ॅपमध्ये मागे जाता येतं.

दहा वर्षांपूर्वी विकत घेतलेली दोन गेमबुक अ‍ॅप्स नव्या फोनवर दिसतच नाहीत. पैसे बुडाले का? (औंध)

बहुधा हो, निदान त्या फोनपुरते. आयफोन-आयपॅडवर २०१७ च्या आयओएस ११ ने ३२ बिटची अ‍ॅप्स चालवणं बंद केलं, आणि ज्या छोट्या कंपन्यांनी जुनी गेमबुकं पुन्हा बांधली नाहीत ती तिथेच संपली. अँड्रॉइडवर फार जुन्या आवृत्तीसाठी बांधलेली अ‍ॅप्स प्ले स्टोअर नव्या फोनला दाखवत नाही, आणि अँड्रॉइड १४ तर काही बाहेरून टाकायलाही देत नाही.

जुना आयपॅड कपाटात असेल तर तो आयओएस १० च्या पुढे नेऊ नका. त्याच खात्यावरून 'विकत घेतलेली' यादी उघडून प्रयत्न करा. कंपनीने अ‍ॅप दुकानातून पूर्ण काढलेलं नसेल तर त्या यंत्राला चालणारी शेवटची आवृत्ती देऊ केली जाते. अ‍ॅप आधीपासून त्या आयपॅडवर असेल तर एक सेटिंग आजच बंद करा: न वापरलेली अ‍ॅप्स आपोआप उतरवून ठेवण्याचं. जागा कमी पडली की यंत्र अ‍ॅप काढतं, तुमचा खेळ जपून ठेवतं आणि मागितलं की दुकानातून परत आणायला जातं. दुकानात ते नसेल तर जपलेला खेळ निरुपयोगी. आयपॅड ठेवून द्यायचा असेल तर बॅटरी निम्म्यावर ठेवा, दोन-तीन महिन्यांनी चार्ज करा. ज्या खेळांची संगणकावरची आवृत्ती आहे, 'सॉर्सरी!' आणि 'वॉरलॉक' दोन्हींची स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात आहे, ती घेणं लांबच्या हिशेबात शहाणपणाचं.

'लोन वुल्फ' पुन्हा वाचायचं आहे. कुठून सुरू करू? (निगडी)

पहिल्यापासूनच, कारण इथे पात्र एका पुस्तकातून दुसऱ्यात जातं. 'प्रोजेक्ट एऑन' या संकेतस्थळावर बरीचशी पुस्तकं खुद्द डेव्हर यांच्या परवानगीने फुकट वाचायला आहेत. डेव्हर २०१६ मध्ये गेले. परवानगी त्यांनी हयातीतच देऊन ठेवली होती.

सुरुवातीला कोष्टकातला आकडा: कॉम्बॅट स्किलसाठी त्यात १०, एन्ड्युरन्ससाठी २०. इथे ० म्हणजे शून्यच. लढाईच्या कोष्टकात मात्र ० हे सगळ्यात चांगलं दान. पुष्कळ जण या दोन्हींत एकच अर्थ लावतात. पेन्सिल टेकवायच्या पद्धतीचा तोटा असा की काही दिवसांत हाताला ० कुठे आहे ते कळतं. दहा बाजूंचा फासा मागवून घ्या.

दहा विद्यांतून पाच निवडायच्या असतात. हीलिंग घ्याच: लढाई नसलेल्या प्रत्येक परिच्छेदाला १ एन्ड्युरन्स परत. सिक्स्थ सेन्सही घ्या. हंटिंग घेतलं तर जेवण बाळगावं लागत नाही, नाहीतर जेवण नसताना ३ जातात, आणि पाठीवरच्या पिशवीत आठच वस्तू मावतात. दुसऱ्या पुस्तकात मिळणारी तलवार कॉम्बॅट स्किल ८ ने वाढवते. ती न घेता तिसऱ्या-चौथ्या पुस्तकात उडी मारलीत तर लढाया अंगावर येतील, आणि ती असली तर काही लढाया नावापुरत्या राहतील. एकाच पुस्तकावरून मालिकेबद्दल मत बनवू नका.

पावसाळ्यात पानं सुटी झाली आणि कडांना कसर लागली. (बिबवेवाडी)

या पेपरबॅकांची पानं शिवलेली नसतात, कण्याला नुसता गोंद असतो. तीसेक वर्षांत तो ठिसूळ होतो, आणि गेमबुक सतत पुढे-मागे उघडल्यामुळे मधोमध तडकतं.

आधी कसर मारा. पुस्तक कोरडं आहे ना ते बघा, प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. पूर्ण एक दिवस बाहेर राहू द्या, नाहीतर थंड कागदावर पाणी धरतं. मग बाहेर, वाऱ्यावर, मऊ ब्रशने झाडा. उन्हात वाळवू नका, कागद आणखी पिवळा आणि कडक होतो.

सुटं पान बसवायला साधा पांढरा फेविकॉल, पण फार थोडा. पानाच्या कण्याकडच्या कडेला काडीने दीड-दोन मिलिमीटर रुंदीची रेघ, त्याहून जास्त नाही. पान आत सारा, वरची-खालची कड जुळवा, दोन्ही बाजूंना बटर पेपर ठेवा आणि वजनाखाली रात्रभर. पाच-सहा पानं सुटली असतील तर एकेकच लावा. गोंद जास्त झाला की तो शेजारच्या पानावर येतो आणि दोन परिच्छेद कायमचे जोडले जातात. सेलोटेप कधीही लावू नका. काही वर्षांनी ती सुटते आणि तिचा तपकिरी डाग अक्षरांवर राहतो. बाइंडरकडे दिलंत तर 'कडा कापू नका' असं कव्हरवर चिठ्ठी लावून सांगा. या पुस्तकांत तळाचे छापील फासे आणि क्रमांक कडेच्या अगदी जवळ असतात.

मुलांसाठी मराठी गेमबुक लिहायचं आहे, छापील आणि फोनवर वाचता येईल असं. कशी सुरुवात करू? (सिंहगड रस्ता)

चारशे परिच्छेदांचं स्वप्न बाजूला ठेवा. ६० पुरेत, प्रत्येकी ६० ते १०० शब्द. विषय जवळचा घ्या: पेशव्यांच्या काळात कात्रजहून पुण्यात पाणी आणणारं भुयारी नळ-बांधकाम आहे, त्यात उसासे (हवा जाण्यासाठी बांधलेली धुराडी) आहेत, हौद आहेत, बोगद्याची गोष्ट शोधायला परदेशी डोंगरात जायची गरज नाही.

आधी मोठ्या कागदावर चौकटी आणि बाण. दर दोन-तीन फाट्यांनंतर वाटा पुन्हा एका जागी आणा. नाही आणल्या तर दोन-दोन पर्यायांनी सहाव्या पायरीला ६४ वेगळ्या चौकटी होतात आणि लिखाण तिथेच बंद पडतं. वाटा जुळल्यावर आधी काय घडलं ते लक्षात ठेवायला सांकेतिक शब्द द्या: 'नोंदपत्रकावर "मशाल" लिहा', आणि पुढे 'मशाल लिहिलं असेल तर…'.

वाचकाला 'तुम्ही' म्हणा. 'तू' म्हटलं की 'गेलास' की 'गेलीस', 'बघतोस' की 'बघतेस' हा प्रश्न प्रत्येक वाक्यात उभा राहतो आणि निम्मे वाचक गोष्टीबाहेर पडतात. 'तुम्ही वळता, तुम्ही दार ढकललंत' यात तो येत नाही. 'तू'च हवं असेल तर 'तू दार उघडलंस', 'पुढे जाशील' अशा रचना कराव्या लागतात, आणि साठ परिच्छेद ते सांभाळणं कष्टाचं आहे.

लिहायला ट्वाइन हे फाटे असलेल्या गोष्टींचं सॉफ्टवेअर वापरा. ख्रिस क्लिमास यांनी २००९ मध्ये केलेलं, फुकट. दुवा असा लिहायचा: [[विहिरीत उतरा->विहीर]]. नावं देवनागरीत चालतात, पण आकडे साठवणाऱ्या चलांची नावं रोमन अक्षरांतच ठेवा. दोन फाशांसाठी १ ते ६ मधला आकडा दोनदा काढून बेरीज करा. २ ते १२ मधून एकदाच काढलात तर २ आणि ७ सारख्याच वेळा येतील, आणि वर सांगितलेलं सगळं गणित कोलमडेल. अक्षरासाठी 'मुक्ता' किंवा 'नोटो' हा देवनागरी फॉन्ट घ्या आणि ओळींतलं अंतर १.६ ते १.८ ठेवा, नाहीतर वेलांट्या-उकार एकमेकांत अडकतात. ब्राउझरमध्ये लिहीत असाल तर गोष्ट ब्राउझरच्याच साठ्यात असते: साइटचा साठवलेला डेटा साफ केला की गोष्ट गेली, आणि सफारी तर सात दिवस न वापरलेला साठा आपणहून काढून टाकते. संगणकावर उतरवलेलं ट्वाइन घ्या, आणि तरीही रोज एक प्रत बाजूला ठेवा.

छापील प्रतीसाठी क्रमांक शेवटी द्या. लिहिताना प्रत्येक परिच्छेदाला #विहीर# असं दोन्हीकडे खूण असलेलं नाव ठेवा. एक्सेलमध्ये नावांची यादी, शेजारच्या रकान्यात यादृच्छिक आकडे, त्यावर क्रम लावा, आणि पहिला-शेवटचा सोडून बाकीच्यांना २ ते ५९ द्या. मग शोधून-बदला. खुणा नसतील तर १ बदलताना १२ आणि ३१ मधलाही १ बदलतो आणि पुस्तकाची खिचडी होते. त्यानंतर दोन तपासण्या: प्रत्येक क्रमांकाकडे निदान एक वाट येते का, आणि कुठली वाट समोरासमोरच्याच दोन पानांत तर जात नाही ना. जात असेल तर त्या दोघांपैकी एकाचा क्रमांक बदला. मुलांची नजर उत्तरावर आधी पडते.

राक्षसांचं कौशल्य ८ च्या वर नेऊ नका. ए-फाइव्ह आकारात छापताना पानांची संख्या चारच्या पटीत ठेवा. डीटीपीवाल्याला मजकुराची फाइल देऊ नका, फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ द्या. तो मजकूर त्याच्याकडच्या जुन्या फॉन्टमध्ये आणला गेला की रफार आणि 'ऱ्या' हमखास तुटतात, आणि क्रमांक अर्धे देवनागरी, अर्धे इंग्रजी होऊन बसतात.

त्यापेक्षा 'वॉरलॉक'चाच मराठी अनुवाद करून नेटवर टाकला तर? (हडपसर)

परवानगीशिवाय नाही. अनुवादाचा हक्क मूळ लेखकाकडे किंवा प्रकाशकाकडे असतो, आणि भारतात तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. 'वॉरलॉक'चे दोन्ही लेखक तर हयात आहेत. फुकट दिलं म्हणून फरक पडत नाही. 'प्रोजेक्ट एऑन'वरची पुस्तकं वाचायला खुली आहेत, तिथून उचलून दुसरीकडे चढवायला नाहीत. दोन फासे, कौशल्य, दम, नशीब ही खेळाची पद्धत मात्र कुणीही वापरू शकतं, फक्त नियमांची वाक्यं स्वतःची लिहा. परवानगी मागायचीच असेल तर हक्क सध्या कुणाकडे आहेत ते सध्याच्या प्रकाशकाला विचारा, आणि सोबत पहिल्या दहा परिच्छेदांचा नमुना जोडा.